सहा निपल, पाच नळ्या: जुन्या गाडीच्या कार्बोरेटरची व्हॅक्यूम जोडणी

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, साफ होऊन परत बसला, पेट्रोलची नळी लागली, अ‍ॅक्सिलरेटरची केबल लागली. आता बॉडीवर सहा निपल, म्हणजे नळी चढवायची बारीक तोंडं, दिसतात आणि बाजूला पाच नळ्या लोंबताहेत. कोणती कुठून निघाली होती हे कुणालाच आठवत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुतेक दोनपैकी एक गोष्ट होते. शेजारी त्याच मॉडेलची गाडी उभी असेल तर तिच्यात डोकावून तशीच जोडणी केली जाते; नसेल तर जी नळी ज्या निपलपर्यंत पोचते ती तिथे ढकलली जाते. गाडी दोन्ही प्रकारे सुरू होते, म्हणून काम झालं असं वाटतं. मग चार दिवसांनी ‘स्लो धरत नाही’ (पाय न देता इंजिन चालू राहत नाही), ‘पिकअप नाही’, ‘एसी लावला की बंद पडते’ अशी रड सुरू होते आणि दोष बिचाऱ्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर, ढकलला जातो.

शेजारच्या गाडीची नक्कल धोक्याची, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या नळ्या सारख्या असतीलच असं नाही. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. तसतसे कार्बोरेटरवरचे निपल आणि नळ्याही बदलत गेल्या. आज पाटी एमएच ३१, म्हणजे नागपूरची असली तरी गाडी मूळची मुंबई-दिल्लीची असू शकते. शिवाय मधल्या काळात कुणीतरी एलपीजी किट लावून काढलेलं असतं, कुणीतरी दुसऱ्याच वर्षाचा कार्बोरेटर बसवलेला असतो. त्यामुळे नक्कल करण्यापेक्षा मोजणं बरं. दोन तासांचं काम आहे आणि त्यासाठी लागणारं महागडं हत्यार एकच, व्हॅक्यूम (हवेची ओढ) मोजणारा गेज.

निपल बाहेर कुठे आहे ते सोडा, भोक आत कुठे उघडतं ते बघा

सगळी ओळख एका प्रश्नावर येऊन थांबते: निपलचं आतलं भोक थ्रोटलच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या) पात्याच्या खाली आहे, काठाशी आहे, की बरंच वर आहे?

पात्याच्या खाली उघडणारा निपल म्हणजे मॅनिफोल्ड व्हॅक्यूम; मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतची वाट. इंजिन स्लोवर असताना पातं जवळजवळ बंद असतं, पिस्टन खालून हवा ओढत असतात, म्हणून इथे ओढ सगळ्यात जास्त. पाय दाबून पातं पूर्ण उघडलं की ती जवळपास शून्यावर येते. ब्रेकचा बुस्टर (पेडल हलकं करणारा डबा), पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढू देणारा), एसीचा आयडल-अप (एसी लागला की स्लो वाढवणारा), एअर फिल्टरमधल्या गरम हवेच्या झडपेचा सेन्सर आणि व्हॅक्यूमवर चालणारा एलपीजी रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा) यांना हीच ओढ लागते.

पात्याच्या काठाच्या केसभर वर जो छोटा खाचेसारखा छेद असतो तो म्हणजे पोर्टेड व्हॅक्यूम. स्लोवर पातं या छेदाच्या खाली असतं, म्हणजे छेद फिल्टरच्या बाजूला उघडा राहतो आणि ओढ शून्य. पाय जरा टेकवला की पात्याचा काठ छेदाला ओलांडून वर जातो, छेद ओढीच्या बाजूला येतो आणि सुई उठते. बऱ्याच गाड्यांत डिस्ट्रीब्युटरचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणारी सोय), ईजीआर (जळका धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि चारकोल कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) पर्ज नळी यावर चालतात, कारण ही तिन्ही कामं स्लोवर नको असतात.

तिसरा प्रकार व्हेंचुरीच्या, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद भागाच्या, गळ्यातला. तिथली ओढ पात्यामुळे होत नाही, हवेच्या वेगामुळे होते, म्हणून ती फार हलकी असते आणि गाडी लोडवर ओढत असतानाच जाणवते. दोन गळ्यांच्या कार्बोरेटरमध्ये दुसरा गळा उघडणारा डायफ्राम (ओढीने हलणारा पडदा) बहुधा हिच्यावर चालतो. बहुतेक ठिकाणी त्याची वाट बॉडीतूनच असते, बाहेर नळी दिसत नाही.

आणि चौथा प्रकार म्हणजे ज्यांना व्हॅक्यूमशी काही देणंघेणं नाही असे निपल: पेट्रोल आत येण्याचा, जादा पेट्रोल टाकीकडे परत जाण्याचा आणि फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) श्वास, म्हणजे बाऊल व्हेंट. गडबड केली तर सगळ्यात महाग पडतात ते हेच. रिटर्नच्या निपलला व्हॅक्यूमची नळी लागली तर इंजिन कच्चं पेट्रोल ओढतं, प्लग काळे ओले होतात आणि ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं. बाऊल व्हेंट ‘उगाच उघडा आहे’ म्हणून टोपी लावून बंद केला तर चेंबरमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब पडत नाही. शहरात गाडी कशीबशी चालते आणि वर्धा रोडवर जरा दमात घेतली की तहानलेल्यासारखी झटके देते. कार्बोरेटरवरचा उघडा दिसणारा प्रत्येक निपल बंद करायचा नसतो, हे आधीच मनात पक्कं करा.

हाताशी काय लागेल

शून्य ते तीस इंच पारा (ओढ मोजायचं माप) दाखवणारा व्हॅक्यूम गेज, त्याला जोडायला मीटरभर लांबीची ४ मिमी आतल्या व्यासाची रबरी नळी, मास्किंग टेप आणि मार्कर, टॉर्च, कार्बोरेटर क्लीनरचा डबा, टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा), आणि निपल तात्पुरते बंद करायला रबरी टोप्या. टोप्या मिळाल्या नाहीत तर नळीचा बोटभर तुकडा घेऊन त्यात ५ मिमीचा स्क्रू पिळून बसवा, तो बाजारातल्या टोपीपेक्षा जास्त टिकतो. नळीचा आतला व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर ड्रिलच्या बिटांची मागची गुळगुळीत बाजू नळीत घालून माप घ्या.

गाडी मोकळ्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकामागे वीट. फॅन पट्ट्यावर फिरणारा असेल तर गेजची लांब नळी त्याच्यापासून दूर बांधून ठेवा. आग विझवायचा छोटा सिलिंडर जवळ असू द्या. तो डिकीत नको, हाताला लागेल असा हवा.

नळ्या कोणत्या घ्यायच्या, यावर जरा थांबायला हवं, कारण इथे नागपूरचा उन्हाळा मधे येतो. नवतप्यात बाहेर ४५ अंशांच्या वर असताना बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. सर्रास दिसणारी चूक म्हणजे कुलरच्या पंपाची किंवा फिशटँकची पारदर्शक प्लास्टिक नळी. थंड असताना ती छान घट्ट बसते. इंजिन तापलं की मऊ होते, वळणावर चपटी होते आणि निपलवरून आपोआप सुटते. सलाईनच्या नळीचं तेच. व्हॅक्यूमसाठी जाड भिंतीची रबरी होजच घ्या. सिलिकॉनची होज उष्णता उत्तम सहन करते, पण पेट्रोलच्या वाफेत आणि ऑईलमध्ये फुगते, म्हणून ती डिस्ट्रीब्युटरला चालेल. पीसीव्ही, कॅनिस्टर आणि बाऊल व्हेंटला पेट्रोलची होजच हवी. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या स्टॉकची स्वस्त होज लवकर कडक होते किंवा आतून सोलते. बुस्टरला बुस्टरचीच होज, जाड आणि आतून विणलेली. साधी नळी तिथे ओढीने चिकटते आणि नेमका ब्रेक दाबताना बुस्टरला ओढ पोचत नाही.

माप साधारण असं पडतं: डिस्ट्रीब्युटर, ईजीआर, सेन्सरच्या बारीक निपलांना ३.५ ते ४ मिमी आतल्या व्यासाची, कॅनिस्टर आणि व्हेंटला ६ ते ८ मिमी, पीसीव्ही आणि बुस्टरला ९ ते १२ मिमी. नळी निपलवर चढवताना थोडा जोर लागायला हवा. सैल नळी क्लिप आवळून बसवली तरी ती एका बाजूने गळतेच.

जुनी नळी काढताना

आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो. मग प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना टेप लावून एकच आकडा लिहा आणि पुठ्ठ्यावर कार्बोरेटरचं वरून दिसणारं चित्र काढून त्यात तेच आकडे टाका. नुसत्या फोटोवर विसंबू नका. फोटोत मागच्या बाजूचा निपल नेमका केबलच्या आड गेलेला असतो.

नळी ओढून काढू नका. पितळेचा निपल मिश्रधातूच्या बॉडीत नुसता दाबून बसवलेला असतो, वीस-पंचवीस वर्षं तापून गार होऊन त्याची पकड सैल झालेली असते. पकडीने हिसका दिला की नळीसोबत निपलच हातात येतो. नळीच्या टोकाला ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा. तरीही निपल निघालाच, तर दोन्ही भाग क्लीनरने स्वच्छ करून, पेट्रोलला टिकणारं इपॉक्सी निपलच्या बाहेरून बारीक थरात लावून परत ठोका. भोकात गेलेलं इपॉक्सी नंतर काढता येत नाही.

निघालेली नळी फेकण्याआधी तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार बघा. काही नळ्यांच्या पोटात पितळेचा बारीक जेट बसवलेला असतो, टाचणीच्या जाडीचं भोक असलेला. बाहेरून काहीच दिसत नाही. बोटांनी दाबत गेलं तर मधे कुठेतरी कडक गाठ लागते. ओढ हळूहळू पोचावी म्हणून तो घातलेला असतो. नवी नळी टाकताना तो काढून तिच्यात बसवा. डब्यासारखा गोल प्लास्टिकचा डिले व्हॉल्व्ह असेल तर त्याची कोणत्या रंगाची बाजू कार्बोरेटरकडे होती ते लिहून ठेवा. तो एका बाजूने मोकळा आणि दुसऱ्या बाजूने हळू हवा सोडतो, उलटा बसला तर काम उलटं करतो.

कार्बोरेटर टेबलावर असेल तर

हे सगळ्यात सोपं. पातं बंद ठेवा, एकेका निपलला नळी लावून क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि खालून-वरून बघा कुठून बाहेर येतो. बेसच्या खालच्या तोंडातून आला तर मॅनिफोल्ड. पात्याच्या काठावरून, वरच्या बाजूने आला तर पोर्टेड. आता पातं हळूच उघडा, तोच छेद पात्याच्या खाली गेलेला दिसेल. फ्लोट चेंबरच्या वरच्या पोकळीत आला तर बाऊल व्हेंट. नीडल व्हॉल्व्हपाशी (चेंबरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या सुईपाशी) आला तर पेट्रोलचा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, फवारा नेमका तोंडावर येणाऱ्या भोकातूनच निघतो.

काठाशी कधी एकाऐवजी दोन छेद सापडतात, एक जरा खाली आणि एक वर. खालचा आधी उघडतो, तो अ‍ॅडव्हान्सचा; वरचा उशिरा उघडतो, तो ईजीआरचा. ही अदलाबदल फार होते आणि पकडली जात नाही, कारण दोन्ही ‘पोर्टेड’च असतात. उलटं लागलं तर पाय टेकवताक्षणी ईजीआर जळका धूर आत सोडतो, अ‍ॅडव्हान्स मात्र मागाहून येतो, आणि सिग्नलवरून उठताना गाडी गचका खाते.

कार्बोरेटर गाडीवर असेल तर: आधी सगळं बंद करा

इंजिन पूर्ण तापवा, चोक पूर्ण उघडा झाल्याची खात्री करा. मग इंजिन बंद करून बाऊल व्हेंट आणि पेट्रोलच्या दोन नळ्या सोडून उरलेल्या प्रत्येक निपलला टोपी लावा. बुस्टर आणि पीसीव्हीचे जाड निपलही बंद. पेट्रोलच्या नळ्या ओळखणं अवघड नाही: आत येणारी फिल्टर आणि पंपाकडून येते, तिला क्लिप असते आणि ती नीडल व्हॉल्व्हच्या बाजूला शिरते, परतीची जरा बारीक असते आणि टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपला मिळते. शंका असेल तर वास घ्या.

आता इंजिन सुरू करून स्लोवर सोडा. सगळे निपल बंद असताना स्लो स्थिर असायला हवा. नसेल, वरखाली होत असेल, तर नळ्यांच्या मागे लागू नका. गळती दुसरीकडे आहे. कार्बोरेटरखालची जाड इन्सुलेटर पॅकिंग, मॅनिफोल्डची गॅस्केट आणि थ्रोटलचा झिजलेला शाफ्ट हे तीन नेहमीचे गुन्हेगार. बेसच्या नटांवर जास्त जोर काढला की बेसचे कान खाली वाकतात आणि मधे फट राहते. स्टीलची पट्टी आडवी धरून खालून ०.१ मिमीची फीलर पट्टी सरकते का बघा. शाफ्टचं बोटाने समजतं: वरखाली हलवून टकटक जाणवली तर तिथून हवा शिरते. हा पाया पक्का झाल्याशिवाय पुढचं मोजमाप म्हणजे वाळूवर रेघोट्या.

गळती शोधायला अगरबत्तीचा धूर ओढला जातो का बघायची युक्ती बरेच जण सांगतात. ओढला जातो हे खरं, पण उघड्या पेट्रोलशेजारी निखारा धरायचा नसतो. साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा जोडावर मारा. भेगेवर पाणी बसलं की क्षणभर स्लो बदलतो. गरम सायलेंसरच्या बाजूला कार्बोरेटर क्लीनर तर मुळीच मारू नका. आणखी एक साधा उपाय: हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांवरून फिरवा, सुस्कारा स्पष्ट ऐकू येतो.

गेज लावून प्रत्येक निपलची हजेरी

एका वेळी एकच टोपी काढा, तिथे गेज लावा आणि चार आकडे लिहा: स्लोवर, साधारण १५०० आरपीएमला, २५०० आरपीएमला आणि झटकन रेस देऊन सोडल्यावर. पुठ्ठ्यावरच्या चित्रात त्या त्या निपलपुढे ते आकडे येऊ द्या.

आकडे वाचण्याआधी नागपूरचा हिशोब लक्षात ठेवा. परदेशी पुस्तकांत चांगल्या इंजिनाचा स्लोवरचा आकडा १८ ते २१ इंच दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. उंचीच्या दर तीनशे मीटरला साधारण एक इंच कमी होतो, आणि नागपूर साधारण ३१० मीटरवर आहे. म्हणजे इथे १७ ते २० इंच आला तर इंजिन ठणठणीत आहे. १७ दिसला म्हणून टायमिंग पुढे ओढत बसू नका. गेजवर मिलिमीटर असतील तर एक इंच म्हणजे २५.४ मिमी. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर सुई जराशी थरथरतेच. गेजची नळी चिमटीत किंचित दाबली की वाचता येते.

मॅनिफोल्डचा निपल स्लोवर १७ ते २० दाखवेल, रेस देताच दोनपर्यंत कोसळेल आणि पाय सोडल्यावर क्षणभर २२-२३ पर्यंत उडी मारून परत येईल. पोर्टेड स्लोवर शून्य, फार तर एक. १५०० ला उठायला लागतो, २५०० ला मॅनिफोल्डच्या जवळ पोचतो. व्हेंचुरीचा स्लोवर शून्य आणि उभ्या गाडीत २५०० ला सुद्धा जेमतेम एक-दोन इंच. चारही वेळा सुई ढिम्म हलली नाही तर तो व्हेंट किंवा पूर्ण बुजलेला निपल. बुजलेला असेल तर तार खुपसू नका, छेद मोठा होतो. क्लीनर आणि कंप्रेसरच्या हवेने मोकळा करा.

इथे एक चकवा आहे आणि तो समजला की निम्म्या तक्रारी सुटतात. पोर्टेड वाटणारा निपल स्लोवरच आठ-दहा इंच दाखवतो. लोक म्हणतात हा मॅनिफोल्डचाच आहे, आणि नळ्या बदलतात. बहुतेक वेळा निपल बरोबर असतो. थ्रोटलचा स्लो स्क्रू जास्त आत पिळलेला असतो. कधीतरी स्लो जेट बुजला, किंवा कुठून हवा शिरली, गाडी बंद पडू लागली, आणि कुणीतरी स्क्रू पिळून स्लो वाढवून दिला. पातं वर सरकलं, छेद ओढीच्या बाजूला आला. आता डिस्ट्रीब्युटर स्लोवरच टायमिंग पुढे नेतो, स्लो आणखी चढतो, आणि पुढचा मिस्त्री टायमिंग मागे घेतो. एका चुकीवर दुसरी बसवली जाते.

दुरुस्ती उलट्या क्रमाने करा. अ‍ॅडव्हान्सची नळी काढून टोपी लावा. स्लो स्क्रू मागे घ्या, इतका की पोर्टेडवरची सुई शून्यावर यावी. इंजिन बंद पडलं तर मिक्स्चर स्क्रू (स्लोवरच्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) बघा: तो हलक्या हाताने तळाला टेकवून दोन-अडीच फेरे बाहेर काढा, हा सुरुवातीचा बिंदू. जोराने टेकवला तर सुईचं टोक कायमचं चेपतं. तरीही स्लो धरला नाही तर स्लो जेट साफ करा, आणि फ्युएल कट सोलेनॉइड (किल्ली बंद केली की स्लोचं पेट्रोल अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर इग्निशनची किल्ली फिरवल्यावर तो ‘टक्’ करतो का ऐका. त्याची वायर सुटलेली असली तरी स्लो मिळत नाही, आणि मग लोक पातं उघडून भागवतात. सगळं जागेवर आलं की मिक्स्चर स्क्रू अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने फिरवत गेजवर सगळ्यात वरचा स्थिर आकडा शोधा. टायमिंग शेवटी, अ‍ॅडव्हान्सची नळी बंद असतानाच, बॉनेटवरच्या किंवा पुस्तिकेतल्या अंशावर.

आता एकेक जोडत जा

क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक नळी जोडल्यावर स्लो ऐकायचा आहे. जिच्यामुळे बदलला ती दोषी.

पहिला बुस्टर. त्याच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, बाण इंजिनाकडे. बुस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, इंजिनाच्या बाजूने अडायला हवी. जोडल्यावर इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. बुस्टरला मॅनिफोल्डचा जाड निपलच द्या, आणि व्हॉल्व्हच्या बुस्टरकडच्या बाजूला कधीही टी (तीन तोंडांचा जोड) टाकू नका. त्या टीला भेग गेली तर ब्रेक जातात.

मग पीसीव्ही. व्हॉल्व्ह हलवल्यावर आत खुळखुळला पाहिजे. त्याची नळी मॅनिफोल्डच्या जाड निपलला; टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी दुसरी नळी ही ताज्या हवेची, तिला व्हॅक्यूम नको. या दोन उलट्या लागल्या की फिल्टर ऑईलने भिजतो. जुन्या साध्या इंजिनांत पीसीव्ही नसतोच, नुसता ब्रीदर फिल्टरला जातो. तिथे नसलेली गोष्ट शोधत बसू नका.

डिस्ट्रीब्युटर. जोडण्याआधी त्याचा डायफ्राम तपासा: कॅप काढून नळीने तोंडाने ओढा, आतली प्लेट सरकली पाहिजे, आणि जिभेने नळी बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलाय, आणि ती नळी म्हणजे एक कायमची गळती. अ‍ॅम्बेसेडरसारख्या साध्या गाडीत कार्बोरेटरवरून डिस्ट्रीब्युटरकडे जाणारी ही बारीक नळी म्हणजे जवळपास सगळी व्हॅक्यूम जोडणी. डायफ्रामच्या डब्यावर दोन निपल असतील तर बाहेरचा अ‍ॅडव्हान्सचा, डिस्ट्रीब्युटरच्या बॉडीकडचा रिटार्डचा, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणारा. पोर्टेडला जोडल्यावर टायमिंग लाइटमध्ये स्लोवर खूण हलता कामा नये, आणि रेस दिल्यावर नळी काढून-लावून बघितलं तर फरक ठळक दिसला पाहिजे.

मॅनिफोल्डला अ‍ॅडव्हान्स लावला की उन्हाळ्यात इंजिन स्लोवर थंड राहतं, असं सांगणारे भेटतील. काही इंजिनं तशीच बनवलेली असतात, त्यांच्यात ते बरोबर आहे. ज्याचा डिस्ट्रीब्युटर पोर्टेडसाठी बनलाय त्यात हा बदल केला तर स्लो चढतो, मग तो स्क्रूने उतरवावा लागतो. आणि एसीचा लोड आला की ओढ पडते, ओढ पडली की टायमिंग मागे येतं, टायमिंग मागे आलं की स्लो आणखी पडतो. रेडिएटर तुंबलेला असेल तर तो साफ करा, नळी हलवून तो साफ होत नाही.

एसीचा आयडल-अप मॅनिफोल्डला, मधल्या विजेच्या व्हॉल्व्हमधून. पोर्टेडला लावला तर स्लोवर त्याला ओढच मिळत नाही, आणि मे महिन्यात व्हरायटी चौकात सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी घुसमटून बंद पडते. कॅनिस्टरची पर्ज नळी पोर्टेडला. मॅनिफोल्डला लागली तर स्लोवर सतत वाफ ओढली जाते, मिक्स्चर घट्ट होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो. ईजीआरकडे जाताना मधे पाण्याच्या वाटेवर बसवलेला तापमानाचा व्हॉल्व्ह असतो: गार असताना फुंकर अडली पाहिजे, इंजिन तापल्यावर गेली पाहिजे.

फिल्टरकडे सायलेंसरची गरम हवा आणणारी झडप आपल्याकडे क्वचितच कामाची. पण ती गरम बाजूला अडकली असेल तर उन्हाळ्यात चढावर नॉकिंग ऐकू येईल. काढून टाकायची तर तिच्या सेन्सरचा निपल बंद करायला विसरू नका. एलपीजी किट काढलेल्या गाडीत तर दोन जागा हमखास बघा: डिस्ट्रीब्युटरच्या नळीत घुसवलेला टी आणि मॅनिफोल्डला भोक पाडून बसवलेला जादा निपल. त्यावर कित्येकदा नुसता इन्सुलेशन टेप गुंडाळलेला असतो.

शेवटची फेरी

सगळं जोडल्यावर स्लोचा आकडा आणि सुरुवातीला सगळं बंद असतानाचा आकडा यांत एक इंचापेक्षा जास्त फरक नको. मग सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा पाय देऊन चढवा: खडखड नॉकिंग आली तर टायमिंग किंवा चुकीची नळी, गाडी जड वाटली तर अ‍ॅडव्हान्सला ओढ मिळत नाही.

परत आल्यावर गाडी उन्हातच वीस मिनिटं बंद ठेवा आणि सुरू करा. लांब स्टार्टर मारावा लागला आणि कच्च्या पेट्रोलचा वास आला तर बाऊल व्हेंटची नळी कुठे दबलीय का बघा. फिल्टरचा डबा बसवताना ती बहुधा त्याच्याखालीच चेपली जाते. शे-दोनशे किलोमीटरनंतर इंजिन गरम असताना प्रत्येक नळीच्या टोकावर नख दाबा. पांढरट बारीक भेग दिसली तर तेवढं टोक कापून नळी पुन्हा चढवा, म्हणून बसवतानाच बोटभर जादा लांबी ठेवा. आणि तो आकड्यांचा पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका.